मापाड्याचा गुडघा

जालन्याच्या मोंढ्यात मी मापाडी.
बिल्ला नंबर एकशे सात, शांतवन एलिया खरात.

बाप मिशनच्या शाळेवर उपदेशक होता.
भिंतीवर त्यानं स्वतः रंगवलेली पाटी:
तमाशा नको. तंबाखू नको. रविवारचा बाजार नको.
शेजारच्या घरचा प्रसाद नको.
पाटी भरत आली तशी अक्षरं बारीक होत गेली
आणि अगदी खालच्या कोपऱ्यात, चौकटीला चिकटून:
शीळ घालू नको.

आठ वर्षांचा होतो. तोवर शीळ
माझ्या ध्यानीमनी नव्हती.
वाचली, आणि ओठ शिवशिवायला लागले.
सरकीच्या ढिगामागं जाऊन
तोंड सुकेपर्यंत फुंकत राहिलो.
पाटीनंच शिकवली,
पाटीनंच धरून दिलं.

बाप गेला त्या वर्षी पाळकसाहेब म्हणाले,
तुमचा खटला निकाली निघालाय.
जामिनावर नाही सुटलात, कागदच फाटलाय,
हजेरीला आता कुठल्या चौकीत जायचं नाही.
घरी येऊन मी पाटी उतरवली.
मागं चुन्याचा कोरा चौकोन निघाला,
बाकीच्या भिंतीपेक्षा पांढरा.
कौसाबाईच्या घरून महालक्ष्म्यांची आंबील आली,
वाटीभर प्यालो. आंबट होती. चांगली होती.
आभाळ जागेवर.

शीळ घालत मोंढ्यात गेलो
आणि वजनाच्या पारड्यावर
माझा अंगठा माझ्या आधी पोचलेला.

कुणी सांगितलं होतं त्याला?
आडत्या बोलत काही नाही,
फक्त चहा जरा जास्त साखरेचा पाठवतो.
पोत्यामागं पावशेर, अर्धा किलो.
मला त्यातून काय, दिवाळीला एक शर्टपीस.

मग विजेचे काटे आले.
माप खात्याचा साहेब शिशाचं सील ठोकून गेला.
अंगठा बेकार झाला.
दोन दिवस मी पुण्यवान होतो.
तिसऱ्या दिवशी गुडघ्यानं काम शिकून घेतलं:
पोत्याला खालून जरासा टेकू,
दिसत नाही, आकडा उतरतो.

हाच गुडघा.
रविवारी चर्चमध्ये, चटईवर,
सगळ्यांच्या आधी टेकणारा.

सकाळी भाकरी बांधताना ठरवतो, आज नाही.
अंबड चौफुलीपर्यंत ठरवलेलं टिकतं.

परवा भोकरदनकडची एक बाई आली, तुरीची तीन पोती घेऊन.
"माप तुम्हीच करा," म्हणाली,
"तुम्ही येशूचे लोक लबाडी करत नाहीत म्हणं."
पहिल्या पोत्याला गुडघा गेलाच.
मी बघत होतो त्याला जाताना,
दुसऱ्याच्या सुटलेल्या बैलाकडं बघावं तसा.
सत्तेचाळीस किलो सहाशे.

भिंतीवर पाटी नव्हती.
बाप नव्हता. साहेब नव्हता.
नरकाची भीतीही, खरं सांगतो, त्या घडीला नव्हती.
तरी तोंडातून निघालं,
"थांबा मावशी, परत मोजतो."
मागं सरकलो, दोन्ही पाय फरशीवर.
अठ्ठेचाळीस किलो शंभर.
आडत्यानं माझ्याकडं पाहिलं.
चहा आला नाही.

हे मी केलं असं म्हणवत नाही.
माझ्याच्यानं होत असतं
तर बापाची पाटी पुरली असती.
आणि दुसऱ्या पोत्याला
गुडघा पुन्हा फुरफुरला, तेही ऐकून ठेवा.

रात्री सुवार्ता तेल चोळत होती.
"लई दुखायलाय का?"
हो म्हणालो.
"कवापासून?"
मी भिंतीकडं बघितलं. चौकोन आता बराच मळलाय,
माहीत असलं तरच दिसतो.
"चोळ," म्हणालो. "तिथंच. अजून जरा."